कमांड लाइनवरील सिस्टिम साधनांच्या आउटपुटचे स्वरूप कसे निवडावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्नोत्तरे लिनक्स आणि बीएसडी सर्व्हरसाठी स्वतःची साधने लिहिणाऱ्यांना, तसेच इतरांनी लिहिलेल्या साधनांचे आउटपुट स्क्रिप्टमधून वाचणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. आउटपुटचे स्वरूप ठरवणे म्हणजे वापरणाऱ्याला शब्द देणे होय आणि तो शब्द स्वरूपाच्या नावापेक्षा रकान्यांची नावे, मूल्यांचे प्रकार आणि एकके यांतून पाळला किंवा मोडला जातो, अशी या उत्तरांमागची भूमिका आहे.

प्रश्न: स्क्रीनवर छान दिसणारा तक्ता स्क्रिप्टला का पुरत नाही?

युनिक्समध्ये पाइप १९७३ साली आला आणि एका साधनाचा मजकूर दुसऱ्याने वाचावा हा रिवाज रूढ झाला. माहिती साधी असते तोवर हा रिवाज उत्तम चालतो. अडचण येते ती तक्त्यातील मोकळी जागा एकाच वेळी दोन कामे करते म्हणून: ती रकाने वेगळे करते आणि मूल्याच्या आतही येऊ शकते.

डिस्कवरील जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ’ चे उदाहरण पाहावे. त्याच्या ओळीत सहा रकाने असतात आणि सहाव्यात माउंट पॉइंट, म्हणजे फाइलसिस्टिम ज्या डिरेक्टरीवर जोडली आहे तिचा मार्ग, येतो, म्हणून बहुतेक जण ओळीतील शब्द वेगळे करणारे ‘ऑक’ वापरून सहावा शब्द उचलतात. एखादी बाह्य डिस्क ‘माझे फोटो’ नावाच्या डिरेक्टरीवर माउंट झालेली असेल, तर स्क्रिप्टच्या हाती केवळ ‘माझे’ पर्यंतचा मार्ग लागतो. शीर्षकाच्या ओळीत तर ‘माउंटेड ऑन’ हे दोन शब्द असल्यामुळे तेथे शब्दांची संख्या मुळातच सात भरते. जुन्या आवृत्त्यांमध्ये डिव्हाइसचे नाव लांब असले की उरलेली ओळ खाली ढकलली जात असे आणि एलव्हीएम (डिस्कची जागा लवचिकपणे विभागणारा थर) वापरणाऱ्या सर्व्हरवर हे सर्रास घडे. पोझिक्स या युनिक्स प्रणालींच्या सामाईक मानकातील ‘-पी’ हा पर्याय एका फाइलसिस्टिमची माहिती एकाच ओळीत ठेवण्याची हमी देतो.

लिनक्स कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या ‘/प्रोक’ मध्ये प्रत्येक प्रोसेससाठी असलेली ‘स्टॅट’ फाइल हे याहून बिकट उदाहरण आहे. तिच्यात दुसरे मूल्य म्हणून प्रोसेसचे नाव कंसात येते, पण त्या नावातच मोकळी जागा आणि बंद होणारा कंस असू शकतो. त्यामुळे डावीकडून शब्द मोजत जाण्याऐवजी ओळीतील शेवटचा बंद कंस शोधून त्याच्या पुढून मोजणी सुरू करावी लागते.

प्रश्न: मग माणसांसाठीचा तक्ता काढूनच टाकावा का?

मुळीच नाही. रात्री दोन वाजता सर्व्हर अडलेला असताना माणसाला तक्ताच हवा असतो. मात्र तो तक्ता सुधारण्याचे स्वातंत्र्य लेखकाकडे राहिले पाहिजे आणि त्यासाठी यंत्राने वाचायचे आउटपुट वेगळ्या, स्पष्टपणे मागावयाच्या पर्यायाखाली असले पाहिजे. ‘गिट स्टेटस’ ने हे फार चांगल्या रीतीने केले आहे. त्याच्या ‘पोर्सिलेन’ पर्यायाचे आउटपुट आवृत्ती किंवा वापरणाऱ्याच्या सेटिंगनुसार बदलणार नाही, असे त्याच्या दस्तऐवजात लिहून दिले आहे. आणि २०१६ मध्ये अधिक माहिती देणे आवश्यक झाले, तेव्हा जुने स्वरूप न मोडता ‘व्ही२’ असे दुसरे स्वरूप देण्यात आले.

आउटपुट टर्मिनलवर जात आहे की पाइपमध्ये, हे ओळखून रंग चालू-बंद करणे योग्य आहे. त्याच आधारावर तक्त्याऐवजी आपोआप जेसन (नाव-मूल्यांच्या जोड्या आणि याद्या मजकुरात लिहिण्याचे स्वरूप) छापणे मात्र टाळावे, कारण स्क्रीनवर एक आणि पाइपमध्ये दुसरेच असे झाले की चूक शोधणाऱ्याला नेमके काय वाहते आहे ते दिसेनासे होते.

प्रश्न: जेसन हाच पहिला पर्याय का सुचवला जातो?

तो सर्वगुणसंपन्न आहे म्हणून नव्हे, तर वाचणारी साधने सर्वत्र हाताशी आहेत म्हणून. २०१२ मध्ये आलेले, जेसनमधून हवे ते काढून देणारे ‘जेक्यू’ आज जवळपास प्रत्येक लिनक्स वितरणात मिळते आणि पायथन, पर्ल, रुबी, गो यांपैकी कोणतीही भाषा वापरली तरी जेसन वाचण्याची सोय तिच्याबरोबरच येते. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी आरएफसी ८२५९ ने २०१७ मध्ये त्याचे मानक पक्के केले आणि खुल्या देवाणघेवाणीत यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) बंधनकारक केले.

सिस्टिम साधनांच्या दृष्टीने आणखी एक कारण महत्त्वाचे आहे. आपली माहिती बहुधा एकात एक असते: डिस्कमध्ये पार्टिशन, पार्टिशनवर एन्क्रिप्शनचा थर, त्यावर एलव्हीएमचे व्हॉल्यूम. डिस्क आणि पार्टिशन दाखवणारे ‘एलएसबीएलके’ हे तक्त्यात रेघांची झाडे काढून दाखवते, पण ‘जेसन’ पर्याय दिल्यास प्रत्येक डिव्हाइसच्या आत त्याच्या ‘चिल्ड्रन’ ची यादी मिळते आणि रेघा मोजून नाते ओळखण्याची कसरत उरत नाही.

लिनक्समध्ये ‘आयपी’, ‘एलएसबीएलके’, ‘स्मार्टसीटीएल’ अशा साधनांनी आपापल्या गतीने ही सोय आणली. फ्रीबीएसडीने एकत्रित मार्ग धरला. जुनिपरमध्ये लिहिलेली ‘लिबएक्सओ’ ही लायब्ररी २०१६ च्या ११.० आवृत्तीत मूळ प्रणालीचा भाग झाली आणि तिच्यामुळे ‘डीएफ’, ‘नेटस्टॅट’, ‘डब्ल्यूसी’ यांसारख्या साधनांत छापण्याचा कोड एकदाच लिहून त्यातून मजकूर, जेसन, एक्सएमएल आणि एचटीएमएल अशी चारही स्वरूपे मिळू लागली. नव्याने साधनांचा संच लिहिणाऱ्याने ही मांडणी अवश्य अभ्यासावी. दोन स्वरूपांसाठी दोन वेगळे कोड ठेवले की एक दुरुस्त होतो आणि दुसरा मागे राहतो.

प्रश्न: जेसनमध्ये कोणते धोके आहेत?

पहिला धोका मोठ्या संख्यांचा आहे. जेसनचे मानक संख्येच्या आकारावर मर्यादा घालत नाही, पण वाचणारे अनेक प्रोग्राम प्रत्येक संख्या ६४ बिटांच्या फ्लोटिंग-पॉइंट प्रकारात घेतात आणि त्या प्रकारात ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचेच सर्व पूर्णांक खात्रीने अचूक राहतात. ९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या दिली, तर वाचणाऱ्याला तिच्या शेवटी ९२ दिसते आणि कोठेही त्रुटीचा संदेश येत नाही. हे केवळ सैद्धांतिक नाही. १९७० पासूनची वेळ मायक्रोसेकंदांत मोजली, तर आजची संख्या १६ अंकी असते आणि मर्यादेत बसते. तीच नॅनोसेकंदांत मोजली, तर ती १९ अंकी होते आणि २५६ च्या टप्प्यांनी गोल होऊ लागते. ‘जेक्यू’ च्या १.७ आवृत्तीपासून न बदललेली संख्या जशीच्या तशी पुढे जाते, परंतु तिच्यावर गणित केले की मर्यादा पुन्हा लागू होते. म्हणून ६४ बिटांचे आयडी आणि नॅनोसेकंद अवतरणचिन्हांत, स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्यावेत आणि तसे दस्तऐवजात नोंदवावे.

दुसरा धोका बाइटांचा आहे. युनिक्समध्ये फाइलच्या नावात तिरकी रेघ आणि शून्य बाइट सोडून कोणताही बाइट चालतो, त्यामुळे ते नाव वैध यूटीएफ-८ असेलच असे नाही. जेसनच्या स्ट्रिंगमध्ये असे नाव बसत नाही. अनेक साधने नकोशा बाइटाच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन घालून मोकळी होतात. मग स्क्रिप्ट त्या नावाने फाइल उघडायला जाते आणि फाइल सापडत नाही. फाइलींत मजकूर शोधणाऱ्या ‘रिपग्रेप’ ने यावर प्रामाणिक तोडगा काढला आहे: नाव वैध असेल तर ते ‘टेक्स्ट’ या नावाखाली येते, नसेल तर ‘बाइट्स’ या नावाखाली बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) येते, आणि वाचणाऱ्याला आपल्याला काय मिळाले हे निश्चित कळते. सिस्टिमचे लॉग दाखवणारे ‘जर्नलसीटीएल’ अशी मूल्ये बाइटांच्या संख्यांची अॅरे (क्रमवार यादी) म्हणून देते. त्याच साधनात ४०९६ बाइटांहून मोठे मूल्य ‘नल’ म्हणून येते आणि ते पूर्ण हवे असल्यास ‘ऑल’ पर्याय द्यावा लागतो. लॉग तपासणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, कारण लांबलचक स्टॅक ट्रेस नेमका याच ठिकाणी गायब होतो.

प्रश्न: आउटपुट फार मोठे असेल किंवा थांबतच नसेल तर काय करावे?

प्रत्येक ओळीत एक पूर्ण जेसन ऑब्जेक्ट (महिरपी कंसातील एक नोंद) छापावा. एका मोठ्या अॅरेचा शेवटचा चौकोनी कंस येईपर्यंत ते वैध जेसन नसते. साधन मध्येच बंद पडले तर आधीच्या लाखभर नोंदी हाती असूनही सामान्य पार्सर (जेसन वाचणारा कोड) सगळेच नाकारतो. ओळीगणिक जेसनमध्ये फार तर शेवटची अर्धवट ओळ वाया जाते आणि ‘ग्रेप’, ‘हेड’, ‘टेल’ ही जुनी साधनेही कामी येतात. अट एवढीच की ऑब्जेक्टच्या आत खरी नवी ओळ येऊ देऊ नये आणि प्रत्येक नोंदीनंतर बफर (छापण्यापूर्वी साठलेला मजकूर) रिकामा करावा. नाहीतर पाइपच्या पलीकडचा माणूस कित्येक मिनिटे कोऱ्या स्क्रीनकडे पाहत बसतो.

सर्व ब्लॉक डिव्हाइस किंवा सर्व नेटवर्क इंटरफेस अशी मर्यादित यादी असेल, तर साधा अॅरे पुरेसा आहे.

प्रश्न: सीएसव्ही द्यावे का?

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला मजकूर. पुढचा वाचक स्प्रेडशीट वापरणार असेल तर द्यावे, अन्यथा नको. आरएफसी ४१८० ने २००५ मध्ये सीएसव्हीचे वर्णन केले खरे, पण ते माहितीपर आहे आणि प्रत्यक्षात विभाजक, अवतरणचिन्हे व ओळीचा शेवट यांबाबत प्रत्येक प्रोग्रामचे आपले रिवाज आहेत. सीएसव्हीला प्रकारही ठाऊक नसतात; रिकामी स्ट्रिंग आणि ‘माहिती नाही’ यांत भेद करता येत नाही.

महाराष्ट्रातील कार्यालयांत या फाइली बहुधा एक्सेलमध्ये उघडल्या जातात, म्हणून दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. फाइलच्या आरंभी यूटीएफ-८ ओळखू देणारे बीओएम चिन्ह नसेल, तर दुहेरी क्लिकने उघडलेल्या फाइलमधील मराठी मजकूर अगम्य चिन्हांत दिसतो. दुसरे, एक्सेल १५ अंकांपुढील अंक शून्य करते आणि बरोबरच्या चिन्हाने सुरू होणारे मूल्य सूत्र म्हणून चालवू पाहते. बाहेरच्या माणसाने दिलेली होस्टनावे किंवा वापरकर्त्यांची नावे अशा फाइलमध्ये जाणार असतील, तर हा सुरक्षेचा प्रश्न ठरतो.

प्रश्न: यॅमल, टॉमल आणि एक्सएमएल यांचे काय?

यॅमल आणि टॉमल माणसाने लिहायच्या सेटिंग फाइलींसाठी आहेत. यॅमलच्या २००५ मधील १.१ आवृत्तीत अवतरणचिन्हांविना लिहिलेला ‘नो’ हा शब्द असत्य मूल्य ठरतो, म्हणून नॉर्वेचा देशसंकेत नाहीसा होतो. त्याच नियमांनी २२:२२ हे पोर्टांचे जोडपे साठच्या पटीतील संख्या समजून १३४२ असे वाचले जाते. २००९ च्या १.२ आवृत्तीने हे सुधारले, तरी जुन्या नियमांनी वाचणाऱ्या लायब्ररी अजून वापरात आहेत. टॉमलमध्ये तर ‘नल’ नाहीच. कंटेनरांच्या व्यवस्थापनाचे ‘क्यूबसीटीएल’ सारखे साधन यॅमल देते, कारण तेच आउटपुट संपादित करून परत द्यायचे असते. तशी गरज नसेल तर हा मार्ग धरू नये.

एक्सएमएल १९९८ पासून मानक आहे आणि नेटवर्क तपासणाऱ्या ‘एनमॅप’ व व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या ‘व्हर्श’ मध्ये आजही उत्तम चालते. आधीपासून असेल तर ते काढू नये; नव्या साधनात ते आणण्याचे कारण क्वचितच सापडते.

प्रश्न: मला केवळ फाइलनावांची यादी द्यायची आहे. त्यासाठीही जेसन लागेल का?

नाही. दोन नावांच्या मध्ये विभाजक म्हणून शून्य बाइट ठेवावा. फाइलनावात तो येऊच शकत नसल्याने याहून सुरक्षित विभाजक नाही. ‘फाइंड’ चा ‘प्रिंट०’ आणि ‘एक्सआर्ग्ज’ चा ‘-०’ हे पर्याय आता पोझिक्सच्या २०२४ च्या आवृत्तीतही आहेत. वर सांगितलेली अवैध बाइटांची अडचण येथे उद्भवतच नाही.

प्रश्न: फाइलींची नावे मराठीत असतील तर काय बिघडते?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क्षेत्र’ हा शब्द वाचताना दोन अक्षरांचा वाटतो, पण त्यात हलन्त आणि मात्रा धरून सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट असतात. सी भाषेतील ‘प्रिंटएफ’ रकान्याची रुंदी बाइटांत मोजते, त्यामुळे मराठी नाव आले की तक्त्याचे पुढचे रकाने डावीकडे सरकतात आणि ठरावीक स्तंभक्रमांकावरून माहिती कापणारी स्क्रिप्ट चुकीचे तुकडे उचलते.

गिटमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसते. ‘करपत्रक’ नावाची फाइल बदलली की डीफॉल्ट सेटिंगमध्ये ‘क’ च्या जागी ३४०, २४४, २२५ हे अष्टमान अंक तिरक्या रेघांसह छापले जातात आणि संपूर्ण नाव अवतरणचिन्हांत जाते. डोळ्यांनी वाचायचे असेल तर ‘कोअर.कोटपाथ’ ही सेटिंग बंद करावी. स्क्रिप्टसाठी ‘-झेड’ पर्याय घ्यावा, म्हणजे नाव जसेच्या तसे, शून्य बाइटाने संपणारे मिळते.

पायथनची जेसन लायब्ररीही डीफॉल्टने ‘क’ ऐवजी ‘\यू०९१५’ धर्तीचा संकेत लिहिते. ते वैध जेसनच आहे आणि वाचणाऱ्या प्रोग्रामला फरक पडत नाही, मात्र लॉगमध्ये ‘ग्रेप’ ने मराठी शब्द शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. ‘एन्शुअर आस्की’ असत्य ठेवल्यास मजकूर देवनागरीत राहतो. मराठी नावांनी चाचणी न झालेले साधन आपल्याकडे वापरण्यास तयार आहे असे मी मानत नाही.

प्रश्न: नावे, एकके आणि वेळ कशी द्यावी?

आकार नेहमी बाइटांत आणि कालावधी सेकंदांत, निव्वळ संख्या म्हणून द्यावा. ‘१.५जी’ हे माणसासाठी ठीक आहे, पण तो जी १००० च्या पटीतला की १०२४ च्या, हे त्यावरून समजत नाही आणि गोल केलेला आकडा परत मिळवता येत नाही. एकक नावातच घालणे मला सर्वांत खात्रीचे वाटते: ‘साइज_बाइट्स’ असे नाव पाहिल्यावर दस्तऐवज उघडावा लागत नाही. वेळ आरएफसी ३३३९ प्रमाणे, टाइम झोनसह लिहावी.

यंत्रासाठीचे आउटपुट लोकॅलवर (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगवर) अवलंबून असता कामा नये. मराठी लोकॅलमध्ये ‘डेट’ महिन्याचे नाव मराठीत देते आणि जर्मन लोकॅलमध्ये दशांशबिंदूच्या जागी स्वल्पविराम येतो. जेसनमध्ये असा स्वल्पविराम घुसला की ते मोडते.

प्रश्न: पुढच्या आवृत्तीत काय बदलता येते?

नवे नाव जोडता येते. असलेले नाव काढणे, त्याचा प्रकार बदलणे किंवा अर्थ बदलणे म्हणजे शब्द मोडणे. ‘एलएसबीएलके’ च्या जुन्या आवृत्त्या ‘आरओ’ (केवळ वाचनासाठी आहे का) हे मूल्य अवतरणचिन्हांत ० किंवा १ असे देत. नव्या आवृत्त्या सत्य-असत्य देतात. बदल सुधारणेचाच होता, पण स्ट्रिंगशी तुलना करणारी प्रत्येक स्क्रिप्ट त्यामुळे गप्प राहून चुकीचे उत्तर देऊ लागली. पुढे डीफॉल्ट यादीत ‘माउंटपॉइंट’ च्या जागी अनेकवचनी ‘माउंटपॉइंट्स’ आले आणि त्याचे मूल्य अॅरे झाले. या साधनाचे मॅन्युअल स्वतःच बजावते की डीफॉल्ट आउटपुट बदलू शकते, म्हणून स्क्रिप्टमध्ये हवे ते रकाने ‘आउटपुट’ पर्यायाने नाव घेऊन मागावेत. ही सूचना जेसनलाही तितकीच लागू आहे.

मूल्य नसेल तेव्हा नाव वगळायचे की ‘नल’ द्यायचे, हेही पहिल्या दिवशी ठरवावे. ‘नल’ देणे बरे, कारण वगळलेले नाव आणि चुकीचे लिहिलेले नाव वाचणाऱ्याला सारखेच दिसते.

प्रश्न: त्रुटीचे संदेश जेसनमध्येच घालावेत का?

माहिती मानक आउटपुटवर आणि संदेश मानक त्रुटी प्रवाहावर, हा नियम कोणत्याही स्वरूपात मोडू नये. ‘इशारा: परवानगी नाही’ अशी एक ओळ जेसनच्या मध्ये आली की सगळे आउटपुट निकामी होते. काहीच सापडले नाही तर रिकामा अॅरे छापावा, कोरे आउटपुट नव्हे. एक्झिट कोड (साधनाचे यश-अपयश कळवणारी संख्या) खरा द्यावा आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने ‘पाइपफेल’ चालू ठेवावे, नाहीतर मूळ साधन पडले तरी ‘जेक्यू’ चे यश तेवढे दिसते.

प्रश्न: साधन जेसन देतच नसेल तर?

आधी मॅन्युअल नीट पाहावे, कारण यंत्रासाठीचा मार्ग पुष्कळदा असतो पण वापरला जात नाही. सेवांची स्थिती दाखवणारे ‘सिस्टिमसीटीएल स्टेटस’ माणसासाठी आहे. त्याचेच ‘शो’ हे रूप नाव-मूल्य अशा ओळी देते आणि स्क्रिप्टमध्ये तेच वापरावे असे मॅन्युअल सांगते. ‘पीएस’ ला ‘-ओ’ ने नेमके रकाने मागता येतात आणि नावापुढे बरोबरचे चिन्ह ठेवल्यास शीर्षकही जाते. काहीच नसेल तर ‘जेसी’ हे साधन अनेक परिचित कमांडच्या मजकुराचे जेसन करून देते. मात्र तेही अखेर मजकूरच वाचते, म्हणून लोकॅल ठरवणाऱ्या ‘एलसी_ऑल’ ला ‘सी’ ठेवून मूळ कमांड चालवावी.

प्रश्न: पॉवरशेल किंवा नुशेल वापरल्यास हा प्रश्नच मिटत नाही का?

त्या शेलच्या आत बराचसा मिटतो. २००६ मध्ये आलेल्या पॉवरशेलमध्ये पाइपमधून मजकूर नव्हे तर ऑब्जेक्ट वाहतात आणि नुशेलमध्ये प्रकार असलेले तक्ते. पण एसएसएचवरून दुसऱ्या सर्व्हरवर गेलो किंवा बाहेरचा प्रोग्राम चालवला की पुन्हा बाइटांचा प्रवाहच हाती येतो आणि वरचे सर्व निर्णय करावेच लागतात.

प्रश्न: सीबॉर, मेसेजपॅक अशी बायनरी स्वरूपे?

कमांड लाइनवर क्वचितच लागतात. मोजमाप करून जेसनचे पार्सिंगच वेळ खाते असे सिद्ध झाले, तरच त्यांचा विचार करावा.

प्रश्न: जुन्या साधनात हे आणायचे तर सुरुवात कोठून करावी?

आजचा तक्ता तसाच ठेवावा आणि ‘जेसन’ हा पर्याय जोडण्यापूर्वी प्रत्येक रकान्याचे नाव, प्रकार, एकक आणि मूल्य नसल्यास काय येईल, हे कागदावर लिहून काढावे. नंतर मोकळी जागा असलेले नाव, नवी ओळ असलेले नाव, देवनागरी नाव, अवैध बाइट असलेले नाव आणि रिकामी यादी, एवढ्या पाच गोष्टींच्या चाचण्या लिहाव्यात. या चाचण्या पार झाल्यावरच पर्यायाची नोंद मॅन्युअलमध्ये करावी.